डाग वेगळा, रंग वेगळा

(अंबड येथे बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत 'मुलींच्या चेहऱ्यावरची मुरुमं आणि डाग' हा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. सकाळी आपण रक्तपांढरीबद्दल बोललो, गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांबद्दल बोललो. त्यानंतर मुरुमं म्हणजे जेवणानंतरचा हलका विषय, असं वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं असं की हा विषय हलका मानला, म्हणूनच तो आपल्या हातातून निसटला.

बाईची किंमत तिच्या रूपावरून करू नका, असं आपण चळवळीत इतकी वर्षं सांगत आलो. ते बरोबरच आहे. पण पोरगी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली की आपणही तिला म्हणतो, 'चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस, अभ्यास कर.' आई म्हणते, 'वय आहे, जाईल आपोआप.' बाप म्हणतो, 'हा काय आजार आहे का, डॉक्टरला दाखवायला?' म्हणजे घरात, शाळेत, मंडळात तिच्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणीच नाही. मग ते उत्तर तिला मेडिकलच्या काउंटरवर मिळतं, पार्लरमध्ये मिळतं, मोबाइलवर मिळतं. आणि ते बहुतेक वेळा एका लहानशा ट्यूबमध्ये भरलेलं असतं.

अंबडमधलीच एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. अकरावीत होती. गालांवर आणि कपाळावर मुरुमं, ती फोडल्यामुळे काळे डाग. कॉलेजात मुलं नावं ठेवायची. घरात मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, 'पुढच्या वर्षी हिला पाहुणे येतील' असं बोलणं सुरू झालेलं. मावशीने कुठूनशी एक ट्यूब आणून दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा साफ झाला की शेजारणींनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. आठ-नऊ महिन्यांनी आई तिला घेऊन माझ्याकडे आली. गाल लालबुंद, त्यावर केसाएवढ्या बारीक लाल शिरा, हनुवटीवर आणि गालांवर लव वाढलेली, मुरुमं पहिल्यापेक्षा जास्त. आई म्हणाली, 'ताई, मलम सोडलं की दोन दिवसांत तोंड पेटतंय. लावलं की शांत होतं. सोडावं कसं?' पोरगी ओढणी नाकापर्यंत ओढून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मला गोरं व्हायचंच नव्हतं ताई. मला फक्त डाग घालवायचे होते.'

मैत्रिणींनो, आज मला जे सांगायचं आहे ते या मुलीने एका वाक्यात सांगितलं. डाग वेगळा आणि रंग वेगळा. डाग हा त्वचेला झालेल्या जखमेचा माग असतो, त्यावर उपचार आहेत. रंग हा आजार नव्हे, त्याला उपचार लागत नाही. बाजाराने या दोन गोष्टी एकाच डबीत भरल्या आणि डागाचं औषध मागायला आलेल्या मुलीला रंगाचं औषध विकलं.

आधी मुरूम म्हणजे काय ते समजून घेऊ. वयात येताना शरीरात संप्रेरकं वाढतात. त्यांच्यामुळे त्वचेखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. त्या ग्रंथीचं तोंड मृत पेशींनी बुजलं की तेल आत साठतं, तिथे जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. हे मुलांनाही होतं, मुलींनाही होतं. चेहरा मळका ठेवल्याने मुरुमं येत नाहीत, म्हणून दिवसातून आठ वेळा साबण लावून ती जात नाहीत. 'अंगात उष्णता झाली', 'पोट साफ नाही', 'मनात वाईट विचार आहेत', असं पोरींना ऐकवलं जातं. यातल्या शेवटच्याने तर मुलीला आजाराबरोबर अपराधही चिकटवला जातो.

आता डाग. जिथे सूज येते तिथे त्वचा जास्त मेलॅनिन बनवते. मेलॅनिन म्हणजे आपल्या त्वचेचा रंग, उन्हापासून राखण करणारा. मुरूम बसून गेलं तरी तिथे हा रंग साचून राहतो, तोच तपकिरी-काळा डाग. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून आपल्याकडे डाग जास्त दिसतात आणि जास्त दिवस टिकतात. नवी मुरुमं थांबली आणि ऊन टाळलं तर हे डाग काही महिन्यांत, कधी वर्षभरात, पुसट होत जातात. खड्डे मात्र वेगळे. मुरूम खोलवर गेलं किंवा नखाने फोडलं तर आतली त्वचा कायमची खचते. खड्डा कुठल्याही क्रीमने भरत नाही, त्याला त्वचारोगतज्ज्ञांचे वेगळे उपचार लागतात. 'खड्डे भरून निघतील' असं सांगून कुणी क्रीम विकत असेल तर ते खोटं आहे, एवढं मुलींना सांगून ठेवा.

घरात पहिले प्रयोग होतात ते स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे. लिंबाचा रस, खायचा सोडा, टूथपेस्ट. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि आणखी काळी पडते. सोडा आणि टूथपेस्टने आग होते. आपल्या भागात मोसंबी भरपूर, तिची वाळवलेली साल दळून चेहरा घासतात. घासण्याने सूज वाढते आणि सूज वाढली की डाग वाढतो. खोबरेल केसांना खुशाल लावा, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर नको, त्याने छिद्रं बुजतात. हे प्रयोग फसतात, पण निदान त्यांचं नुकसान मर्यादित असतं. खरं नुकसान त्यानंतर येणाऱ्या ट्यूबने होतं.

त्या ट्यूबमध्ये असतं काय? बऱ्याचदा तिघांचं मिश्रण. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. हे मिश्रण मुळात वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे वापरायचं औषध आहे. कधी ट्यूब नायट्याची असते, तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं. स्टिरॉइड लावलं की सूज आणि लाली झटकन बसते, त्वचा फिकट दिसते, म्हणून पंधरा दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, स्टिरॉइडचीच मुरुमं उठतात, ऊन सोसवत नाही. सोडलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. व्यसनासारखंच ते. आपल्या देशात हे इतकं पसरलं आहे की त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा'. त्यांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीमही चालवली आहे.

दुसरं विष पाऱ्याचं. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून तो गोरं करण्याच्या क्रीममध्ये घालतात. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या विदर्भातली बातमी आली. अकोल्याची एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि तिची बहीण. पार्लरमधून आणलेलं क्रीम तिघीही लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. एका घरातल्या तिघी, हे लक्षात ठेवा. क्रीम कधी एकटीपुरतं राहत नाही. आई लावते, बहीण लावते, नणंद नाव लिहून नेते. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत त्या आजाराचा एक खास प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरलेली होती. कुणाच्या पायांना, डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल आणि ती असं क्रीम लावत असेल, तर क्रीम थांबवून लघवीची तपासणी करायला लावा. क्रीमची डबी फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता तुम्ही विचाराल, सरकार काय करतं? कायदे आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची मलमं 'एच' अनुसूचीत घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली आणखी पुढे जाऊन, पारा घातलेली सगळीच सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरवलं. पण कायदा दिल्लीत असतो आणि ट्यूब गल्लीत. दुकानदाराला चिठ्ठी मागायची सवय नाही, गिऱ्हाइकाला दाखवायची सवय नाही.

ही लढाई आपल्याला नवी नाही. १९८० च्या दशकात 'इ.पी. फोर्ट' या संप्रेरकाच्या जादा मात्रेच्या गोळ्या गर्भ पाडायला म्हणून सर्रास विकल्या जात होत्या. महिला गटांनी आणि आरोग्य संघटनांनी मोहीम केली, तेव्हा १९८८ साली त्यांच्यावर बंदी आली. त्या वेळी आपल्यातल्या किती बायकांना त्या औषधाचं रसायनशास्त्र कळत होतं? समजून घेतलं आणि विचारलं, एवढंच.

जाहिरातींचंही तसंच. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं ते १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. पुढे टीव्हीवर तिची एक जाहिरात लागायची. मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप, सावळी मुलगी, क्रीम, मग गोरी झालेली तीच मुलगी हवाई सुंदरी होऊन कमावती. मुलगा नसल्याचं दुःख आणि मुलगी काळी असल्याचं दुःख, दोन्ही एका मिनिटात. जनवादी महिला संघटनेने २००२ साली याविरुद्ध तक्रार केली, मानवी हक्क आयोगापर्यंत नेली आणि २००३ साली कंपनीला अशा जाहिराती थांबवाव्या लागल्या. २००९ साली चेन्नईच्या एका संस्थेने 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या परिषदेने नियम केला, की सावळी माणसं दुःखी किंवा कमी प्रतीची दाखवायची नाहीत. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला. शब्द गेला म्हणून मागणी गेली असं मात्र झालं नाही, कारण मागणीचं मूळ लग्नाच्या बाजारात आहे.

स्थळाच्या कागदावर आजही 'रंग' असा रकाना असतो आणि त्यात 'गोरा' नाही तर 'निमगोरा' लिहितात. सावळी असेल तर हुंडा वाढतो. विठोबा काळा, तुळजापूरची भवानी काळ्या पाषाणाची, ज्या रानावर आपण जगतो तिला आपण काळी आई म्हणतो. पण सून गोरी पाहिजे. यात जातीचाही वास आहे. उन्हात राबणारीचा रंग हलका आणि सावलीत बसणारीचा रंग उच्च, ही समजूत कामाला आणि कष्टाला कमी लेखण्यातून आली आहे. आणि आपल्या भागात पाहुणे लवकर येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जालना जिल्ह्यात हे प्रमाण राज्यापेक्षा बरंच जास्त आहे. मुरुमं येण्याचं वय आणि मुलगी दाखवण्याचं वय एकच झालं की घाई होते. निसर्गाला वर्ष लागतं, पाहुणे पंधरा दिवसांत येणार असतात. पंधरा दिवसांत गुण देणारं औषध म्हणूनच खपतं.

मग मुलीला मदत कशी करायची? पहिलं, तिचं म्हणणं ऐकायचं. तिला नेमकं काय घालवायचं आहे, डाग की रंग, हे तिच्याकडूनच समजून घ्यायचं. डाग असेल तर त्यावर खर्च करायला, तिला दवाखान्यात न्यायला लाजायचं नाही. रंग असेल तर तो प्रश्न तिचा नाही, तिला बोलणाऱ्यांचा आहे, हे तिला आणि त्या बोलणाऱ्यांना, दोघांनाही सांगायचं.

दुसरं, आधी मुरुमं थांबवायची, डाग नंतर. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवायचा, घासायचा नाही. हात लावायचा नाही, फोडायचं नाही. औषधं स्वस्त आणि जुनी आहेत, पण एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. बेंझॉइल पेरॉक्साइड सौम्य ताकदीचं, अडीच टक्क्यांचं, पुरतं. त्याने उशीचा अभ्रा आणि ओढणी यांचा रंग उडतो, तेव्हा जुना कपडा वापरा. अडॅपलीन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, मुरुमं वाढल्यासारखीही वाटतात. इथेच मुली औषध सोडतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं तर त्या टिकतात. अझेलिक अ‍ॅसिड मुरुमांवर आणि डागांवर, दोन्हींवर चालतं.

तिसरं, ऊन. ऊन लागलं की डाग गडद होतो. तीसच्या वरचं एसपीएफ असलेलं सनस्क्रीन परवडत असेल तर चांगलंच. नाही परवडत तर ओढणी, टोपी, छत्री. कापूस वेचायला जाणारीलाही हे जमतं.

चौथं, एक इशारा. मोठ्या, गाठीच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या दिवसांत गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. अडॅपलीन आणि ट्रेटिनॉइनही गरोदरपणात वापरत नाहीत. जिथे मुलींची लग्नं अशी घाईने होतात तिथे हे सांगितलंच पाहिजे. लग्न ठरलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

पाचवं, सगळे डाग मुरुमांचे नसतात. मान आणि काखा काळ्या, मखमलीसारख्या जाड झाल्या असतील तर आया घासणीने घासतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते, रक्तातली साखर तपासा. मुरुमांबरोबर पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, ओठावर-हनुवटीवर केस येत असतील तर बीजकोषांची तपासणी करा. लहान मुलांच्या गालावरचे पुसट पांढरट चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात, त्यावर जंताचं औषध देत बसू नका. पण फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तो बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात लगेच करा. तिथे उपचार फुकट आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो.

ज्यांच्या घरात ती ट्यूब आधीच शिरली आहे, त्यांनी काय करायचं? बरेच महिने लावलेलं स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडवा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे. मघाशी सांगितलेल्या मुलीला सावरायला सात-आठ महिने लागले. मधले दोन महिने फार वाईट गेले, चेहरा सुजायचा, ती कॉलेजला जाईना. तिच्या वर्गातल्या दोघी रोज संध्याकाळी वह्या घेऊन घरी जात होत्या, म्हणून तिचं वर्ष वाचलं. शिरा अजून थोड्या दिसतात. मुरुमांचे डाग पुसट झाले आहेत. रंग तिचा होता तोच आहे.

शेवटी कामाचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीतल्या मुलींकडच्या ट्यूब आणि डब्या मागून आणायच्या. कुणाला ओरडायचं नाही. शाळेतल्या मुलींना बरोबर घ्या, त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात. घटकाच्या नावाच्या शेवटी 'सोन', 'लोन' किंवा 'सॉल' असं आलं तर ते बहुधा स्टिरॉइड. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीवरचं औषध. डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक यांतलं काहीच नसेल तर ती सगळ्यात धोक्याची. अशा डब्यांची यादी करून आपण जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊ आणि पोच घेऊ. औषधाने त्रास झाला असेल तर १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही कळवता येतं. नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या यात्रेला सगळा तालुका लोटतो, तेव्हा तिथे एक टेबल मांडून ही माहिती देता येईल. कोण कोण टेबलावर बसणार, त्यांनी आत्ता चहाच्या वेळेत माझ्याकडे नावं द्या. आणि जिच्या घरात वयात आलेली मुलगी आहे तिने आज रात्री तिला एवढंच विचारा, तू चेहऱ्याला काय लावतेस, मला दाखव.